राणी एलिझाबेथला दरबारातलं भांडण शेवटी आवरता का आलं नाही?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने दरबारातले गट एकमेकांच्या धाकात ठेवून इतकी वर्षं राज्य केलं, मग एसेक्सचा अर्ल आणि रॉबर्ट सेसिल या दोन दरबाऱ्यांच्या भांडणातच तिचा हात कसा सुटला. एमएला ट्यूडर इंग्लंडचा (ट्यूडर हे तिचं घराणं) पेपर होता, तेव्हापासून या काळाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. माझं उत्तर असं, की भांडण आवरायला तिच्याजवळ जे एकच साधन होतं, ते तिच्या अखेरच्या वर्षांत संपत आलं होतं. ते साधन म्हणजे देणं.

त्या राज्याचा गाडा कसा चालायचा, ते आधी पाहायला हवं. राणीकडे खडं सैन्य नव्हतं, पगारी नोकरशाही अगदीच तुटपुंजी होती. गावोगावचा न्याय आणि बंदोबस्त बिनपगारी मॅजिस्ट्रेट सांभाळत. दरबारातल्या मोठ्या पदांनाही पगार नावापुरताच. खरी मिळकत मर्जीतून व्हायची. कुणाला जमिनीचा पट्टा, कुणाला जकातीचा मक्ता, कुणाला एखाद्या मालाची मक्तेदारी, तर कुणाला अल्पवयीन वारसाचं पालकत्व आणि त्याच्या इस्टेटीचं उत्पन्न. ज्याला मिळालं, त्याच्या भरवशावर त्याची माणसं. दरबारी ज्याचं वजन गेलं, त्याच्या मागची शेकडो घरं अडचणीत यायची.

सुरुवातीच्या काळात राणीचा आवडता सरदार लेस्टर आणि तिचा मुख्य मंत्री विल्यम सेसिल (पुढे लॉर्ड बर्ली) यांचंही पटत नव्हतंच. पण दोघांनाही मिळत होतं, आणि मोठ्या संकटात दोघे एका बाजूला उभे राहत. १५८५ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपलं आणि पैसा नेदरलँड्स, फ्रान्स आणि पुढे आयर्लंडकडे वाहू लागला. त्यातच १५८८ मध्ये लेस्टर, १५९० मध्ये राणीचा सेक्रेटरी (कारभार पाहणारा मंत्री) वॉल्सिंगहॅम आणि १५९१ मध्ये लॉर्ड चॅन्सलर हॅटन वारला. जुन्या फळीतला बर्लीच भक्कम उरला. राणीने रिकाम्या जागा झटपट भरल्या नाहीत. वॉल्सिंगहॅमचं सेक्रेटरीपद सहा वर्षं रिकामं होतं आणि काम बर्लीचा मुलगा रॉबर्ट सेसिल करत राहिला. ही दिरंगाई तिची मोठी चूक होती, असं मला वाटतं. पद रिकामं असलं की दोन्हीकडची आशा जिवंत राहते आणि रोज नवं भांडण उभं राहतं.

रॉबर्ट डेव्हरू, म्हणजे एसेक्सचा अर्ल, लेस्टरचा सावत्र मुलगा. वडील वारल्यावर लहानपणी काही काळ तो बर्लीच्याच घरी होता, म्हणजे तो आणि रॉबर्ट सेसिल, पुढचे हे दोन वैरी, एका छपराखाली राहून गेलेले. आपल्या गोटातला वकील फ्रान्सिस बेकन याला अ‍ॅटर्नी जनरल (राणीचा मुख्य सरकारी वकील) करा म्हणून एसेक्स महिनोन् महिने राणीच्या मागे लागला. १५९४ मध्ये ते पद एडवर्ड कोकला मिळालं. एसेक्सने बेकनला स्वतःची जमीन देऊन भरपाई केली. १५९६ मध्ये तो स्पेनच्या कादिझ बंदरावर लढत असताना इकडे रॉबर्ट सेसिलला सेक्रेटरी नेमलं गेलं. लढायचं आपण आणि खुर्ची दुसऱ्याला, हा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही.

दरबाराबाहेरही दिवस वाईटच होते. १५९४ पासून लागोपाठ चार हंगाम बुडाले, धान्य महागलं, उपासमार झाली. १५९८ चा गरिबांसाठीचा कायदा त्यातूनच आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्ली वारला आणि आयर्लंडमध्ये बंडखोर सरदार ह्यू ओनीलने यलो फोर्डला इंग्रज फौज मोडली. त्याआधी जुलैत आयर्लंडला कोणाला पाठवायचं यावरून वाद झाला आणि एसेक्सने राणीकडे चक्क पाठ फिरवली. तिने त्याच्या कानशिलात लगावली, त्याचा हात तलवारीकडे गेला, असं समकालीन इतिहासकार कॅम्डेन लिहितो.

तरीही १५९९ मध्ये आयर्लंडला तोच गेला. सोळा हजारांहून मोठी फौज दिली होती, पण ओनीलशी निर्णायक लढाई न करता त्याने तह केला आणि परवानगीशिवाय परतला. २८ सप्टेंबरच्या सकाळी चिखलाने माखलेला एसेक्स नॉनसच राजवाड्यात थेट राणीच्या शयनगृहात शिरला. सहासष्ट वर्षांची राणी तेव्हा विगशिवाय, अर्धवट आवरलेली होती. यानंतर तो नजरकैदेत गेला, पदं गेली. पण माझ्या मते खरा घाव १६०० च्या शरदात बसला. गोड वाईनच्या जकातीचा त्याचा मक्ता संपला आणि राणीने तो पुन्हा दिला नाही. त्याच्यावर कर्जाचा डोंगर होता आणि सावकार याच मक्त्याच्या भरवशावर थांबले होते.

८ फेब्रुवारी १६०१ ला तो सुमारे तीनशे माणसं घेऊन लंडन शहरात शिरला. त्याची भिस्त होती शहराचा शेरीफ थॉमस स्माइथ याच्यावर. हे नाव आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. जेमतेम सव्वा महिन्यापूर्वी, ३१ डिसेंबर १६०० ला, राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली होती आणि त्या सनदेत पहिला गव्हर्नर म्हणून याच स्माइथचं नाव आहे. एसेक्स त्याच्या घरी थांबला, पण स्माइथ निसटून लॉर्ड मेयरकडे गेला. शहर उठलं नाही. रात्रीपर्यंत एसेक्स शरण आला. संशयावरून स्माइथलाही लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या तुरुंगात, डांबलं गेलं. खटल्यात एसेक्सविरुद्ध बोलायला बेकन उभा राहिला, आणि २५ फेब्रुवारीला एसेक्सचं डोकं उडवलं गेलं.

सेसिलचा प्रतिस्पर्धी गेला, तरी कारभार सोपा झाला नाही. पैसा नसल्यामुळे राणीने मक्तेदाऱ्या वाटल्या होत्या आणि त्यांचा भार मीठ, स्टार्च अशा रोजच्या वस्तू घेणाऱ्यांवर पडत होता. १६०१ च्या पार्लमेंटात मक्त्यांची यादी वाचली जात असताना एका सदस्याने विचारलं, यात पाव नाही का? राणीला माघार घ्यावी लागली. ३० नोव्हेंबरचं तिचं प्रसिद्ध भाषण त्याच माघारीच्या वेळचं आहे.

वारस कोण, हे ती शेवटपर्यंत जाहीरपणे बोलली नाही. स्कॉटलंडचा राजा जेम्स याच्याशी एसेक्सने गुप्तपणे संधान बांधलं होतं. तो गेल्यावर त्याच जेम्सशी राणीच्या नकळत पत्रव्यवहार सुरू केला रॉबर्ट सेसिलने. २४ मार्च १६०३ च्या पहाटे राणी वारली, आणि त्याच सकाळी जेम्स राजा झाल्याची घोषणा सेसिलने व्हाइटहॉलसमोर वाचून दाखवली.