एमबीबीएसला आहे. शहरातल्या गरीब वस्तीत काम करायची इच्छा आहे, पण ती टिकवायची कशी?

एक दिवसाची शिबिरं सोडा. एकच आजार धरा आणि तेच रुग्ण सहा महिने बघा. मुंबईत असाल तर क्षयरोग. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पोस्टिंगला धारावीचं 'छोटा सायन' किंवा मालवणीचं नागरी आरोग्य केंद्र मिळालं, तर सरळ डॉट्सच्या, म्हणजे क्षयाच्या गोळ्या देणाऱ्या टेबलापाशी जाऊन बसा.

साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयात ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज ४ गोळ्या. पहिले २ महिने चार औषधं एकत्र, पुढचे ४ महिने तीन. कागदावर सोपं. पण दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या बंद! कुणी लघवी केशरी झाली म्हणून घाबरून सोडतं. तो रिफाम्पिसिनचा, म्हणजे त्या चारपैकी एका औषधाचा रंग, पण हे पहिल्या दिवशी सांगायचंच राहून गेलेलं असतं. कुणी गावी जातं. आधी निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) ट्रान्सफर केलं तर तिथल्या केंद्रात गोळ्या मिळतात, म्हणून "गावाला कधी जाणार?" हे हिस्टरी घेतानाच विचारा. सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिन्याला १००० रुपये बँक खात्याअभावी अडकतात. ते मार्गी लावणं विद्यार्थ्यालाही जमतं, आणि रुग्ण तुम्हाला नावाने ओळखायला लागतो तो बहुधा तिथूनच.

एन९५ मास्क मात्र विसरू नका.