वाचकांचे प्रश्न : मातीतला पट गादीवर का फसतो?

या वेळच्या टपालात चार पत्रे अशी आली की, त्यांची उत्तरे एकत्रच द्यावीत असे वाटले. एक पत्र तालमीतले, एक चष्म्याचे, एक स्कूटरचे आणि एक पंचगंगेच्या घाटावरचे. अंगवळणी पडलेली हालचाल परिस्थिती अचानक बदलली की का चुकते आणि सरावाने ती सावरता येते का, हेच चौघांनाही विचारायचे आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातल्या वस्तादांशी माझा थोडा मतभेद आहे आणि वस्तादांशी मतभेद नोंदवायचा तर कारणे नीट द्यावी लागतात.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा चार वर्षे तालमीत मातीवर कुस्ती करतो. एकेरी पट, म्हणजे झेप घेऊन समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडणे, हा त्याचा हुकमी डाव आहे. गादीवरच्या (मॅटवरच्या) निवड चाचणीत मात्र त्याचे पहिले दोन-तीन पट हमखास फसतात, तेवढ्यात गुण जातात आणि पुढे डाव लागू लागला तरी उपयोग होत नाही. वस्ताद म्हणतात, ‘रोज शंभर पट काढ, आपोआप बसेल.’ नुसते घोटून हा दोष जाईल का? — एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : सराव वाढवावा हे वस्तादांचे म्हणणे मला मान्य आहे, तो एकाच जागी, एकाच पद्धतीने वाढवावा हे मान्य नाही.

पटाची झेप पापणी लवते न लवते तोच संपते. डोळ्यांना दिसलेली चूक मेंदूत पोहोचून हालचालीत दुरुस्ती व्हायला मात्र साधारण एक पंचमांश सेकंद जातो, म्हणजे डाव निम्म्यावर येईपर्यंत ती दुरुस्ती हाती लागतच नाही. म्हणून मेंदू पाहून दुरुस्त करण्याच्या भरवशावर राहत नाही. इतका रेटा दिला की अंग इतके पुढे जाईल, असा हिशेब तो हालचालीच्या आधीच मांडून ठेवतो. हा हिशेब मांडण्याचे आणि झालेल्या चुकीवरून पुढच्या वेळेसाठी तो सुधारण्याचे काम मोठ्या प्रमाणात लहान मेंदू, म्हणजे डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असलेला मेंदूचा भाग, करतो. मातीत अनवाणी पायाची बोटे रुततात, माती थोडी सरकते आणि रेट्याचा काही भाग तिथेच जिरतो. चार वर्षांत तुमच्या मुलाच्या हिशेबात ही तूट पक्की बसलेली आहे. गादीवर बुटाचा तळ घट्ट धरतो, तूट उरत नाही आणि मातीत अचूक ठरलेला तोच रेटा तिथे जास्त होतो.

हे मी एका तालमीत बसून पाहिले आहे. तासभर मातीत खेळलेल्या एका मुलाला बूट घालून लगेच गादीवर उतरवले, तेव्हा त्याचे पहिले तीन पट जोडीदाराच्या पायापलीकडे गेले. हात गुडघ्यामागे बसण्याऐवजी खांदाच मांडीवर आदळत होता. सातव्या-आठव्या पटापासून हात नेमका बसू लागला. तेवढ्यावर न थांबता आम्ही त्याला पाय धुऊन पुन्हा मातीत उतरवले आणि पहिलाच पट वीतभर अलीकडे पडला. सगळे हसले, पण मला त्या आखूड पटाचे मोल अधिक वाटले. गादीवर तो नुसता सावध होऊन खेळत असता, तर मातीत पाय टेकताच त्याचा जुना पट परत आला असता. तो अलीकडे पडला याचा अर्थ त्या दहा मिनिटांत आतला हिशेबच बदलला होता.

प्रयोगशाळेतही असेच दिसून आले आहे. शादमेहर आणि मुसा-इवाल्दी या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना एका यंत्राची मूठ धरून ठरलेल्या खुणेपर्यंत हात न्यायला सांगितले होते आणि यंत्र मध्येच हाताला रेटत असे. सुरुवातीला हात वाकडा जाई, सरावाने तो पुन्हा सरळ जाऊ लागे आणि यंत्राचा रेटा न सांगता काढून घेतला की हात उलट्या बाजूला वाकडा जाई. पुढे २००६ साली स्मिथ, गाझीजादेह आणि शादमेहर यांनी अशा शिकण्यात दोन थर असल्याचे मांडले : एक झटपट शिकतो आणि झटपट विसरतो, दुसरा सावकाश शिकतो पण धरून ठेवतो. तुमच्या मुलाचा चौथा पट लागतो तो पहिल्या थराच्या जोरावर. त्याला पहिलाच पट लागायला हवा असेल, तर दुसरा थर घडवावा लागेल आणि तो एका दिवसात घडत नाही.

आता रोजच्या शंभर पटांकडे वळू. १९७८ साली कर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवरच्या खुणेवर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून घेतली, तेव्हा दुसरा गट अधिक अचूक निघाला. बॅडमिंटनच्या सर्व्हिसवर गूड आणि मॅगिल यांनी १९८६ साली केलेल्या प्रयोगात तिन्ही प्रकारच्या सर्व्हिस उलटसुलट क्रमाने मारणाऱ्या खेळाडू सरावाच्या नंतरच्या परीक्षेत, आणि विशेषतः कोर्टाची बाजू बदलल्यावर, एकेक प्रकार सलग घोटणाऱ्यांहून सरस ठरल्या. सलग शंभर पट काढताना मुलाला पहिल्या पाचांतच उत्तर सापडते आणि उरलेले पंच्याण्णव पट म्हणजे त्याच उत्तराची नक्कल असते. पटानंतर ढाकेसारखा दुसरा डाव, मग खडाखडी (उभ्याने हात भिडवून घेतलेला अंदाज), मग पुन्हा पट असा क्रम ठेवला, तर प्रत्येक पटाचा हिशेब त्याला नव्याने मांडावा लागतो.

इथे एक अडचण आहे आणि वस्तादांच्या बाजूने ती मी मोकळेपणाने मांडतो. मिसळलेल्या सरावात मुलगा वाईट दिसतो. डाव सलग घोटणारा पोरगा त्याच संध्याकाळी सफाईदार वाटतो, मिसळून करणारा अडखळतो आणि पाहणाऱ्याला वाटते की याचा डाव बिघडत चालला आहे. खरा फरक काही दिवसांनी, जागा आणि जोडीदार बदलल्यावर कळतो. तेवढे दिवस धीर धरणे वस्तादांना जड जाते आणि पालकांना त्याहून जड जाते.

म्हणून माझी सूचना अशी की, आठवड्यातले दोन-तीन दिवस माती आणि गादी एकाच सत्रात ठेवावी आणि दोन्हींत किमान तीन-चार वेळा अदलाबदल करावी. जोडीदार वजनाने आणि उंचीने बदलते असावेत. पट चुकला की लगेच ‘खांदा खाली घे’ असे ओरडू नये. कुठे चूक झाली ते त्याला आधी स्वतः सांगू द्यावे, कारण हिशेब सुधारतो तो स्वतःला जाणवलेल्या चुकीतून. निवड चाचणीच्या दिवशी कुस्ती पुकारण्याआधी, अंग गरम करतानाच, गादीवर बूट घालून आठ-दहा पट काढावेत, म्हणजे फसायचे ते पहिले तीन पट गुण मोजले जाण्याआधीच फसून जातील. डावाची बांधणीच अजून कच्ची असेल, तर मात्र ही अदलाबदल महिनाभर पुढे ढकलावी. ज्याला पट कसा धरायचा हेच उमगलेले नाही, त्याला रोज जागा बदलून दिली तर त्याचा नुसता गोंधळ उडतो.

कोल्हापूरकरांना हे उदाहरणाने सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवखे असताना ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. मधल्या चार वर्षांत इतरही पुष्कळ गोष्टी घडल्या. सगळे श्रेय गादीच्या सवयीला देणे त्यांच्या कष्टांवर अन्याय करणारे होईल. पण मातीतला मल्ल गादीवर कायमचा परका राहतो, हा समज ठेवायला कोल्हापुरात तरी जागा नाही.

प्रश्न : मला नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे. जिना उतरताना पायरी जवळ आल्यासारखी वाटते आणि पाय आपटतो. घरात मी जुना चष्मा वापरते, बाहेर जाताना नवा. सवय व्हायला किती दिवस लागतील? — एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बहुतेकांना काही दिवस ते दोन आठवडे लागतात, तुम्हाला जास्त लागत असतील, तर त्याचे कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो आणि त्यातून पायरी पाहिली की ती धूसर आणि जागा सोडून दिसते. जिना उतरताना हनुवटी थोडी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहावी, कठडा धरावा आणि सुरुवातीचे काही दिवस घरातही नवाच चष्मा ठेवावा, म्हणजे डोळे आणि पाय यांचा मेळ मोडून पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागणार नाही.

नजर बाजूला सरकवणारी त्रिकोणी काच डोळ्यांवर लावून खुणेवर मातीचे गोळे फेकायला लावण्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काच लावल्यावर नेम एका बाजूला चुकतो, काही फेकींत सुधारतो आणि काच काढताच विरुद्ध बाजूला चुकतो. लहान मेंदूला इजा झालेल्या अनेक रुग्णांमध्ये ही सुधारणा होत नाही, यावरूनच त्याचे काम स्पष्ट झाले. १९९६ साली मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, काच लावून आणि काढून असा सराव काही आठवडे केला, तर माणूस दोन्ही हिशेब शेजारी शेजारी बाळगू शकतो आणि पहिल्याच फेकीला नेम साधतो. तेव्हा दोन चष्मे वापरण्याची तुमची सवय पुढे जमण्यासारखी आहे. आधी एक तरी पक्का बसू द्या. तीन आठवड्यांनंतरही पाय आपटत असेल, तर दोष सवयीचा न समजता चष्म्याचे माप पुन्हा तपासून घ्यावे.

प्रश्न : वीस वर्षे गियरची मोटारसायकल चालवली. आता मुलीची बिनगियरची स्कूटर घेतली की गर्दीत डावा हात क्लच समजून ब्रेक दाबतो. वय झाले का? — एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : वय झाले नाही, मोटारसायकल फार चांगली येते, एवढेच. एकाच जागच्या दांडीला दोन वाहनांत दोन कामे आहेत आणि घाई झाली की हात जुने काम करतो. मोकळ्या रस्त्यावर तुम्ही चुकत नाही, कारण तिथे विचार करायला सवड असते. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात स्कूटर न्या आणि जोडीदाराने टाळी वाजवली की थांबायचे, असा खेळ वीस-पंचवीस वेळा करा. टाळी केव्हा वाजेल ते तुम्हाला ठाऊक नसले पाहिजे. पुढच्या रविवारी दोन्ही वाहने न्या.

प्रश्न : माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. पावसाळ्यात पंचगंगा घाटावर ती दोनदा घसरली. सुदैवाने मार लागला नाही. रोज फिरायला जाऊनही तोल सावरता येऊ नये याचे नवल वाटते. घसरण्याचाही सराव करता येतो का? — एक मुलगी, शुक्रवार पेठ

उत्तर : येतो, आणि तो चालण्याच्या सरावाहून वेगळा आहे. रोजच्या फिरण्याने दम आणि पायांची ताकद टिकते. पण सपाट रस्त्यावर पाय कधी निसटतच नाही, मग निसटलेला पाय सावरायला शरीर शिकणार कुठे? पाय सटकल्यापासून तोल जाईपर्यंतचा अवधी इतका कमी असतो की त्यात विचार करायला वेळ नसतो. सावरण्याची उडती पावले आधीच तयार असावी लागतात. अमेरिकेत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना सुरक्षापट्ट्याने वर बांधून, न सांगता सरकणाऱ्या फळ्यांवरून चालवले आणि एकाच सत्रात चोवीस वेळा घसरवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढच्या वर्षभरात या व्यक्तींच्या पडण्याचा धोका जवळपास निम्मा झालेला आढळला. एका सत्राचा परिणाम वर्षभर टिकावा, ही गोष्ट मलाही प्रथम वाचताना अविश्वसनीय वाटली होती.

घरी मात्र कोणी कोणाला घसरवू नये. हे काम पट्टा आणि प्रशिक्षित माणूस असेल तिथेच करायचे असते, तेव्हा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे तोलाच्या व्यायामाची चौकशी करा आणि त्याआधी आईंचा रक्तदाब, डोळे आणि चालू असलेली औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्या. घरी त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहावे, ओट्याच्या कडेकडेने आडवी पावले टाकावीत आणि तुम्ही शेजारी असताना दुमडलेल्या सतरंजीवरून चालावे. रोज तेच तेच न करता पावलांची दिशा आणि वेग बदलत राहावे. घाटावर जाताना कोल्हापुरी चप्पल घरी ठेवावी. तिचा चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या दगडावर धरत नाही. खाचा असलेल्या रबरी तळाची चप्पल घालून, तुमचा हात धरून त्यांनी पायऱ्या उतराव्यात आणि शेवाळ दिसले की त्या पायरीवरूनच परत फिरावे.