होम थिएटरच्या रिसीव्हरने आपोआप केलेली स्पीकरची सेटिंग तशीच ठेवावीत की बदलावीत?

तुमची अडचण मला अशी समजली: ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि फक्त खर्ज वाजवणारा एक सबवूफर) रिसीव्हरला, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरला, जोडून त्याच्यासोबत आलेल्या मायक्रोफोनने मोजणी केली, तेव्हा रिसीव्हरने पुढच्या दोन्ही स्पीकरना ‘लार्ज’ ठरवले, सबवूफर ३ मीटरवर असताना त्याचे अंतर ४.७ मीटर दाखवले, आणि आता चित्रपटातले स्फोट कानठळ्या बसवतात, पण संवाद कळत नाहीत. यातली पहिली गोष्ट बदला आणि दुसरीला हात लावू नका. तिसरीचे मूळ बहुधा मधल्या स्पीकरच्या जागेत सापडेल.

‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ ही नावे ज्याने ठेवली, त्याने गोंधळाची सोय आधीच करून ठेवली, असे मला नेहमी वाटते. या शब्दांचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही; ‘लार्ज’ म्हणजे त्या स्पीकरसाठीच्या वाहिनीतला (ध्वनीच्या स्वतंत्र प्रवाहातला) सगळा खर्ज त्याच स्पीकरने वाजवायचा आणि ‘स्मॉल’ म्हणजे एका ठरावीक कंपनसंख्येखालचा खर्ज सबवूफरकडे पाठवायचा, एवढाच त्यांचा अर्थ. कमरेइतक्या उंच स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणायला मन धजत नाही हे मान्य. माझेही कित्येक महिने धजले नव्हते. मग एकदा पुढची जाळी काढून एक दणदणीत प्रसंग लावला, तर वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खर्ज वाजवणाऱ्या भागाचा, पडदा इतका पुढे-मागे होत होता की त्याची कड धूसर दिसत होती, आणि त्याच पडद्याला त्याच वेळी पात्रांचे आवाजही वाजवायचे होते. ‘स्मॉल’ करून पुन्हा तोच प्रसंग लावला तेव्हा पडदा जवळजवळ स्थिर दिसला आणि आवाजातला गढूळपणा गेला. कारण साधे आहे: तितक्याच जोराचा आवाज ८० ऐवजी ४० हर्ट्झला काढायचा, तर पडद्याला चौपट हलावे लागते. मायक्रोफोन मात्र स्पीकर किती खाली पोचतो हे मध्यम आवाजात मोजतो आणि भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरला खर्जात भिंतीचीही मदत मिळते. मोठ्या आवाजात तो भार त्याला पेलेल का, याचे उत्तर त्या मोजणीत नसते. म्हणून सबवूफर असेल तर पाचही स्पीकर ‘स्मॉल’ ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंपनसंख्येखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. चित्रपटाच्या ध्वनीचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा मानक म्हणून स्वीकारला, कारण त्याखालचा आवाज नेमका कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे ओळखता येत नाही. मात्र मागचे स्पीकर अगदी छोटे असतील आणि त्यांच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा १२० हर्ट्झ दिली असेल, तर त्यांच्यासाठी १५० ठेवा, नाहीतर मधला पट्टा कोणीच वाजवणार नाही. सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळ पूर्ण वर फिरवून ठेवा. रिसीव्हर गाळणी लावतोच आहे, तिच्यावर दुसरी गाळणी नको. मेनूमध्ये ‘एलएफई’साठी वेगळी मर्यादा दिसते, ती १२० हर्ट्झवर असू द्या, कारण चित्रपटातली ती खास खर्जाची वाहिनी तिथपर्यंत जाते आणि स्पीकरच्या क्रॉसओव्हरशी तिचा संबंध नाही. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय मात्र टाळा. त्यात तोच खर्ज पुढचे स्पीकर आणि सबवूफर अशा दोन ठिकाणांहून वाजतो आणि खोलीत कुठे फुगतो, तर कुठे नाहीसा होतो.

आता त्या ४.७ मीटरविषयी. रिसीव्हर फुटपट्टी लावत नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज मायक्रोफोनपर्यंत यायला किती वेळ लागला, हे तो मोजतो आणि त्याचे अंतरात रूपांतर करतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. तुमच्या सबवूफरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला सुमारे ५ मिलिसेकंद लागत असतील, तर १.७ मीटरचा फरक तिथेच भरून निघतो. तो आकडा ‘दुरुस्त’ केलात, तर खर्ज बाकी आवाजाच्या मागे पडेल. बाकीच्या स्पीकरची अंतरे मात्र टेप लावून एकदा पडताळून पाहा. त्यात मोठी तफावत असेल, तर मोजणीच्या वेळी मायक्रोफोन चुकीच्या जागी होता असे समजा. मी पहिल्यांदा तो सोफ्याच्या पाठीवर टेकवला होता आणि सगळेच निकाल विचित्र आले. कॅमेऱ्याच्या तिवईवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीवर धरला, पंखा बंद केला, तेव्हा कुठे आकडे विश्वास ठेवण्याजोगे मिळाले. सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबलसारख्या टोकाला जाऊन अडकली असेल, तर त्याच्या पाठीवरची आवाजाची कळ कमी करून मोजणी पुन्हा करा. सेटिंग बदलून झाल्यावर चाचणीचा खरखराट लावा आणि पाचही स्पीकर बसण्याच्या जागी सारख्या जोराने ऐकू येतात का ते पाहा. मोबाइलमधले ध्वनिमापक ॲप या तुलनेला पुरते, खर्जाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नका.

आता संवादाकडे येतो. ते मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. मधला स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकवलेला आहे का, हे आधी पाहा. तसा असेल, तर त्याचा आवाज कप्प्याच्या फळीवर आदळून घोगरा होतो आणि शिवाय तुमच्या गुडघ्यांच्या दिशेने जातो. तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे ठेवून त्याचे तोंड कानांच्या दिशेने वर करा. माझ्याकडे एवढ्याने जे साधले, ते मेनूतल्या कोणत्याही आकड्याने साधले नव्हते. त्यानंतरही कमी वाटले, तर मधल्या वाहिनीची पातळी १ किंवा २ डेसिबलने वाढवा, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर माणसे पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातील आणि आवाज मधेच खिळून राहील.

याखेरीज चित्रपट चालू असताना रिसीव्हरच्या पडद्यावर ‘स्टिरिओ’ दिसते की ‘डॉल्बी डिजिटल’, हे जरूर तपासा. टीव्हीमधूनच चित्रपट लावत असाल आणि आवाज एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून उलट पाठवण्याच्या सोयीने) रिसीव्हरकडे येत असेल, तर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले असल्यास सहसा दोनच वाहिन्या पुढे जातात आणि संवादाची स्वतंत्र वाहिनी रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ निवडा, म्हणजे टीव्ही मूळ ध्वनी न उलगडता तसाच पुढे पाठवेल. रात्री आवाज कमी ठेवावा लागत असेल, तर रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ चालू करा. तो स्फोट दाबतो आणि हळू बोलणे वर आणतो, पण दिवसा तो आठवणीने बंद करा.