खेळताना डोक्याला मार लागलेल्या मुलांसोबत काम करणारी न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे. मुंबईत असं करिअर होतं का?

तू लिहिलंयस की एसवायबीएला मानसशास्त्र घेतलंय, शाळेत क्रिकेट खेळायचीस, आणि धाकट्या भावाला मॅचमध्ये चेंडू लागल्यावर तो महिनाभर ‘वेगळाच’ वागत होता. कुणाकडे न्यायचं हे घरात कुणालाच कळेना. आता याच कामात शिरायचंय, पण पोट भरेल का, असा तुझा प्रश्न आहे. एसवायला आहेस म्हणून ‘तू’ म्हणते.

पोट भरेल, पण नुसत्या कन्कशनवर (डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, ते) नाही. मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आठवण, लक्ष यांच्या चाचण्या घेऊन मेंदूचं काम तपासणारी मानसशास्त्रज्ञ. दादरला प्रॅक्टिस करते, आठवड्यातले दोन दिवस एका रुग्णालयात बसते. आठवड्याला वीस-पंचवीस जणांना पाहिलं तर त्यात खेळताना डोकं आपटलेली मुलं दोन, फार तर तीन. गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकांच्या सरावाचा नारळ फुटला, पावसात फुटबॉल सुरू झाला किंवा शालेय शिल्डचे सामने लागले की आकडा थोडा वर जातो. बाकी सगळे एलडीच्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेच्या, तपासणीसाठी आलेली शाळकरी मुलं, फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी तपासायचे पेशंट, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा. जागेचं भाडं त्यांच्यामुळे निघतं. ‘मी फक्त खेळाडूंना बघणार’ असं ठरवून येणार असशील, तर थोडी निराशा आत्ताच करून घेतलेली बरी.

आता काम काय असतं ते एका मुलावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आझाद मैदान तू पाहिलंच असशील. एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. हा तेरा वर्षांचा मुलगा स्क्वेअर लेगला उभा होता, आपल्या बॅट्समनकडे बघत. शेजारच्या पिचवरून आलेला चेंडू त्याच्या कानामागे लागला. पडला नाही, बेशुद्धही झाला नाही. कॅज्युअल्टीत नेलं, सीटी स्कॅन स्वच्छ आला. चौथ्या दिवशी आईवडील त्याला माझ्याकडे घेऊन आले. वडिलांना राहून राहून एकच सलत होतं: “मॅडम, आपल्या मॅचचा बॉलच नव्हता हो तो!” आणि लगेच पुढचं, “मंगळवारी खेळेल ना?”

मुलगा म्हणाला, “एकदम बरंय.”

आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. जखम नाही, टाका नाही, स्कॅनमध्ये काही नाही, म्हणजे काही झालंच नाही. सीटी स्कॅन हाड मोडलंय का, रक्तस्राव झालाय का हे सांगतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम, ते त्या चित्रात उमटत नाही. आणि कन्कशन झालेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत, त्यामुळे ‘शुद्ध गेली नव्हती ना, मग झालं तर’ हे वाक्य माझ्या खोलीत नेहमी ऐकू येतं.

मी त्याला दहा शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे सांगायला लावले. सहा सांगितले. तेच शब्द पुन्हा वाचले, पुन्हा सहा. तिसऱ्यांदा पाच. दरवेळी ऐकल्यावर आकडा वाढायला हवा, निदान उतरायला तरी नको. मग वार उलटे म्हणायला सांगितले. “रविवार, शनिवार, शुक्रवार…” इथे थांबला, खिडकीकडे बघितलं आणि “शनिवार, रविवार” असं पुन्हा सुलट निघाला. त्याच्या लक्षातही आलं नाही. वीस मिनिटांनी त्या दहा शब्दांतले दोन आठवले, आणि शिवाय दोन असे सांगितले जे मी उच्चारलेच नव्हते.

तेवढ्यात वडिलांना फोन आला, ते बाहेर गेले. तेव्हा हा हळूच म्हणाला, “फळ्याकडे बघून परत वहीत बघितलं की गरगरतं. पप्पांना नका सांगू, माझी टीममधली जागा जाईल.”

त्या दिवशीची सगळ्यात मोलाची नोंद हीच होती, आणि ती कुठल्याही चाचणीत आली नाही. चाचण्या शिकशीलच, त्या घेताना चेहरा कोरा ठेवायलाही शिकशील. पण मुलाला तुझ्याशी खरं बोलावंसं वाटणं, आणि ते बाप दाराबाहेर असताना घडेल अशी बसण्याची व्यवस्था करणं, याला वेळ लागतो. मी हल्ली पालकांपैकी एकाला मुद्दाम फॉर्म भरायला बाहेर पाठवते.

चाचण्यांचाच एक घोळ आत्ताच सांगून ठेवते. खेळातल्या कन्कशनसाठी जगभर स्कॅट नावाची तपासणी वापरतात. सध्याची सहावी आवृत्ती 2022 साली ॲम्स्टरडॅमला झालेल्या परिषदेतून आली आणि 2023 मध्ये छापली गेली. 8 ते 12 वयाच्या मुलांसाठी तिचंच वेगळं रूप आहे. तिच्या एका शब्दयादीत सॅडल, अँकर, डॉलर असे शब्द आहेत. परळच्या मराठी शाळेतल्या पोराला अँकर म्हणजे टीव्हीवर बातम्या देणारी बाई. त्याला आठवला नाही तर तो मेंदूचा दोष की यादीचा? नुसतं भाषांतर करूनही भागत नाही, कारण मूळ चाचणीचे आकडे वेगळ्या मुलांवरून काढलेले असतात. म्हणून मी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने 5 ते 15 वयाच्या मुलांसाठी तयार केलेल्या चाचण्यांचा आधार घेते. हे बसून मराठीत नीट करणाऱ्या माणसांची फार गरज आहे. तुला संशोधनात रस असेल तर इथे आयुष्यभराचं काम पडलंय.

माझी एक चूकही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला दोन आठवडे अंधाऱ्या खोलीत, शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, मोबाइल नाही, अशी विश्रांती सांगितली होती. तेव्हा तीच पद्धत होती आणि मला ती बरोबर वाटायची. दोन आठवड्यांनी डोकेदुखी तशीच, वर झोप उडालेली, आणि मुलगी कुणाशी बोलेना. आई म्हणाली, “मार डोक्याला लागला होता, आता मन आजारी पडलंय.” आज सल्ला नेमका उलट आहे. पहिले 24 ते 48 तास सौम्य विश्रांती आणि स्क्रीन कमी, मग लक्षणं फारशी वाढणार नाहीत इतपत चालणं-फिरणं सुरू. शाळा आधी, खेळ नंतर. खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि धडक बसू शकेल अशा सरावाआधी डॉक्टरांची परवानगी. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. त्या मुलीला बरं व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागला, आणि त्यातला थोडा माझ्या खाती जमा आहे.

मुंबईत मात्र या पायऱ्यांच्या आधी एक पायरी असते, ती कुठल्याच पुस्तकात नाही: लोकल. आझाद मैदानवाला मुलगा डोंबिवलीहून दादरला शाळेत यायचा. वर्गात एक तास बसणं त्याला जमलं असतं, पण त्याआधी गर्दी, दाराचा वारा, समोरून धाडधाड जाणारी गाडी आणि पाठीवर किटबॅग. आम्ही शाळेला पत्र दिलं: दोन आठवडे तिसऱ्या तासापासून हजेरी, पीटी नाही, चाचणी परीक्षेत जादा वेळ, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स. किटबॅग घरी. शाळा समंजस होती, नेहमी असतेच असं नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. आपण डॉक्टर नाही. औषध आपण लिहीत नाही आणि डोक्याला मार लागल्यावर पहिला मुक्काम आपला नसतो. 1998 मध्ये ढाक्यात भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे होते, चेंडू डोक्याला लागला, स्वतःच्या पायांनी चालत पॅव्हेलियनमध्ये गेले, आणि तीन दिवसांनी गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यामुळे पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातापायांत अशक्तपणा, गुंगी यांतलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. एखादे पालक फोनवर यांतलं काही सांगून तुझी अपॉइंटमेंट मागत असतील, तर ती देऊ नकोस, कॅज्युअल्टीत पाठव.

शिक्षणाचं थोडक्यात. बीए, मग मानसशास्त्रात एमए, मग क्लिनिकल सायकॉलॉजीतलं भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं व्यावसायिक शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी. आजवर हा रस्ता दोन वर्षांच्या एमफिलमधून जायचा. यूजीसीने 2022 मध्ये एमफिलच बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला मग 2025-26 पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे तू एमए होईपर्यंत अभ्यासक्रमांची नावं बदललेली असणार. प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ‘न्यूरोसायकॉलॉजीचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा’ छाप जाहिरातींना भुलू नकोस, त्यावर पेशंट तपासता येत नाहीत. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीजवळ कांके इथली केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, इथे प्रवेश मिळाला तर घर सोडायची तयारी ठेव. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात जितकी वर्षं काढशील तितकी चांगली. कन्कशन ओळखण्याआधी मेंदूला खरोखर मोठी इजा झाल्यावर माणूस कसा दिसतो हे पाहिलेलं असावं.

पैशांबद्दल: एका मुलाला नीट तपासायला तीन तास लागतात, अहवाल लिहायला आणखी दोन. लोकांना दिसतात ते तीनच तास, आणि त्यावरही “नुसते प्रश्न विचारायचे एवढे?” होतंच. पहिली काही वर्षं रुग्णालयातली किंवा शाळेतली नोकरी धर. वडाळ्याला भाड्याच्या खोलीत एकटीने पाटी लावायची घाई मी केली होती. दीड वर्षात पाटी घेऊन घरी आले.

सगळ्यात अवघड भाग पालक आणि प्रशिक्षक. आयसीसीने कन्कशन सबस्टिट्यूट, म्हणजे कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी उतरणारा बदली खेळाडू, 2019 मध्ये आणला. त्याच वर्षीच्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला, तेव्हा मला वाटलं की आता हा शब्द घरोघरी पोचेल. पोचला खरा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. त्या रात्री एका अकादमीच्या पालकांच्या ग्रुपवर दीडशे मेसेज पडले. सगळे बॅटिंग ऑलराउंडरच्या जागी फास्ट बोलर चालतो का यावर. दुबेच्या डोक्याचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. हेच लोक सकाळी तुझ्यासमोर बसणार आणि म्हणणार, “मॅडम, फिट आहे असं लिहून द्या फक्त.” तू नाही म्हटलंस तर दुसरीकडे जातील. काही गेलेही.

आझाद मैदानवाला गेला नाही. मंगळवारी खेळायचं नाही म्हटल्यावर रडला, वडील माझ्याशी फारसे बोलले नाहीत. मग मला त्याची ती फळा-वहीची गोष्ट आठवली. दहाव्या दिवशी मी त्याला म्हटलं, टीमबरोबर जा, पण स्कोअरर म्हणून, सावलीत बसून. स्कोअर लिहिणं म्हणजे तेच की: वर मैदानाकडे बघ, खाली वहीत बघ, परत वर. गरगरलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि किती ओव्हर झाल्या ते मला कळवायचं. पहिल्या दिवशी दोन ओव्हर. पुढच्या मॅचला नऊ. चौथ्या आठवड्यात वडिलांच्या मोबाइलवरून मला अख्ख्या डावाच्या पानाचा फोटो आला. खाली त्यांनी लिहिलं होतं, “बॅट्समनचे रन आणि एक्स्ट्रा मिळवून टोटल जुळते, मी दोनदा तपासलं.”

मीही तपासलं. जुळत होती.

तुला स्कोअरिंग येत नसेल तर या सुट्टीत शिकून घे. आणि भावाला अजून फळ्यावरचं उतरवताना त्रास होतो का, ते आज विचार. आईबाबा समोर नसताना.