वाचकांचे प्रश्न : उपचार आधी, दाखला बरोबरीने

दिव्यांग मुलांच्या पालकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत.

आमचा मुलगा तीन वर्षांचा झाला, तरी चार-पाचच शब्द बोलतो. घरी आम्ही तेलुगू बोलतो, अंगणवाडीत मराठी. शेजारचे म्हणतात, दोन भाषांमुळे पोराचा गोंधळ होतोय, घरीही मराठीच बोला. आधी अपंगत्वाचा दाखला काढू की थेरपी सुरू करू? दाखल्याशिवाय सरकारी दवाखान्यात कुणी विचारेल का? – अक्कलकोट रोड, सोलापूर

थेरपी आधी. तपासणी आणि उपचारांना दाखला लागत नाही. तो लागतो सवलती आणि अनुदानासाठी. ही दोन कामं एकमेकांत अडकवली की मुलाचे सहा-आठ महिने फुकट जातात, आणि या वयातले महिने फार मोलाचे असतात.

सरकारी वाट अशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि शंका असलेल्या मुलांना पुढे पाठवतं. पथक येईपर्यंत वाट बघत बसू नका. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, बालरोग विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि ‘मुलाच्या वाढीची तपासणी करायची आहे, डीईआयसीकडे पाठवा’ असं सांगा. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. जन्मतःचे दोष, वाढीतली दिरंगाई, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणी अशा मुलांसाठीच ही केंद्रं आहेत. अंगणवाडी सेविकेची किंवा पथकाची चिठ्ठी असली तर काम सोपं जातं, पण ती नाही म्हणून घरी थांबू नका.

जाताना लसीकरणाचं कार्ड आणि बाळंतपणाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या. जन्माचं वजन किती होतं, मूल लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किंवा झटके आले होते का, हे डॉक्टर विचारतातच. शिवाय घरात खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर मूल काय करतं याचे दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा. दवाखान्यात मूल बिचकतं, आईच्या पदरामागून बाहेरच येत नाही, आणि तेवढ्यावरून काढलेला अंदाज चुकू शकतो.

उशिरा बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानाची असते. ‘हाक मारली की बघतो, टीव्हीचा आवाज ऐकतो’ एवढ्यावर विसंबू नका. मध्यम बहिरेपणात मूल आवाज ऐकतं, पण शब्दातली अक्षरं त्याला नीट कळत नाहीत. बेरा ही कानाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि रिक्षात झोपू देऊ नका, नाहीतर पुढची तारीख घ्यावी लागते. झोपेचं औषध द्यावं लागलं तर त्याआधी किती वेळ खायला-प्यायला द्यायचं नाही, हे तिथे विचारून घ्या. सर्दी असेल किंवा कानात मळ असेल तर आधी कान दाखवा. तशाच कानावर केलेली तपासणी दिशाभूल करते. कान ठीक निघाले की मग वाढीची आणि ऑटिझमची तपासणी. नावाने हाक मारल्यावर वळून न बघणं, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणं, नजर न देणं, यातलं काही दिसत असेल तर तुम्ही स्वतःहून सांगा.

आता भाषा. घरी तेलुगूच बोला. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मूल मुकं राहत नाही आणि ऑटिझमही होत नाही. उलट आई-आजीला जी भाषा मनापासून येते ती बंद करून मोडक्या मराठीत बोलायला लागलं, तर घरातलं बोलणंच कमी होतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांत नेमकं हेच घडतं. थेरपिस्टकडे जाण्याआधी मुलाच्या शब्दांची यादी करा, दोन्ही भाषांतले शब्द धरून. ‘नीळ्ळु’ आणि ‘पाणी’ दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही लिहा. फक्त मराठी शब्द मोजले तर मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे.

खासगी थेरपिस्ट लावणार असाल तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची राज्याच्या परिषदेकडे. पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं आहे ते लिहून घ्या. प्रत्येक वेळी घरी करायची एक कृती तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपी आणि उरलेले दिवस काहीच नाही, असं असेल तर पैसे जातात आणि फरक पडत नाही. ऑटिझमवर स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्याला शास्त्राचा आधार नाही.

मुलगी चार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज केला, तर दाखला तात्पुरता मिळाला. तो चालतो का? आणि कार्ड अजून पोस्टाने आलेलं नाही. – बार्शी

चालतो. लहान मुलांचं अपंगत्व वाढीबरोबर कमी-जास्त होतं, म्हणून मुदतीचा दाखला देतात. मुदत संपेपर्यंत त्याची किंमत कायमच्या दाखल्याएवढीच. संपण्याच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. मध्ये खंड पडला तर अनुदान अडकू शकतं.

मात्र एक गोष्ट तपासा. सेरेब्रल पाल्सीबरोबर पुष्कळदा बौद्धिक वाढ, ऐकणं किंवा नजर यांचीही अडचण असते, आणि दाखल्यावर फक्त हातापायांचं अपंगत्व लिहिलं जातं. सगळ्या विभागांकडून तपासून घ्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, त्याचं सूत्र आहे : ९० मधून मोठा आकडा वजा करा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा. म्हणजे ५० आणि ३६ टक्के असतील तर ८६ नव्हे, ६६ होतात. पण नुसते ५० आणि ६६ यांतला फरक लहान नाही. एसटीत ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट मिळायला मात्र ६५ टक्के लागतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या दाखल्यावर बौद्धिक अपंगत्वाऐवजी ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे एकंदर वाढीतली दिरंगाई, असं लिहितात. त्यात चूक काही नाही. पाच वर्षांनंतर पुन्हा तपासून निदान बदलतात.

कार्डासाठी पोस्टमनची वाट बघू नका. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ई-कार्ड उतरवता येतं. अर्ज खोळंबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार आणि जन्मदाखल्यावर नाव किंवा जन्मतारीख वेगवेगळी असणं. आधी आधार दुरुस्त करा. बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा डोळ्यांची प्रतिमा घेता येत नाही म्हणून आधार केंद्र परत पाठवत असेल, तर ‘बायोमेट्रिक अपवादात नोंद करा’ असं सांगा. ती सोय नियमातच आहे. आणि अर्जात स्वतःचा, कायम चालू राहणारा मोबाईल नंबर द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको.

मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे, ५५ टक्के. गावातली शाळा म्हणते, ‘आमच्याकडे शिक्षक नाहीत, सोलापूरला विशेष शाळेत घाला.’ – मोहोळ तालुका

विशेष शाळेत घालायचं की गावच्या शाळेत, हे पालकांनी ठरवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. शाळा तोंडी नाही म्हणते, म्हणून तुम्ही लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायची म्हटलं की निम्मे नकार तिथेच विरतात. तरीही ऐकलं नाही तर त्या पोचेची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे आणि शेवटी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा.

शिक्षक नाहीत, हे पूर्ण खरं नाही. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात. तिथे मुलाचं नाव नोंदवा; प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मोजमाप शिबिरातून साहित्य, हे सगळं त्या नोंदीवरूनच मिळतं. मूल घराबाहेर नेण्यासारखंच नसेल तर गृहाधारित शिक्षण मागा. विशेष शाळा निवडणार असाल तर वसतिगृह पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. रात्री मुलांजवळ कोण असतं ते विचारा आणि सांगितलेली माणसं दिसतात का, ते स्वतः बघा.

मी विड्या वळते, नवरा यंत्रमागावर. मुलीला ऑटिझम आहे. पैशाची मदत नेमकी कुठून मिळते? – विडी घरकुल, कुंभारी

पहिल्यांदा नवऱ्याच्या पगारातून ईएसआय कापतात का ते बघा. कापत असतील तर राज्य कामगार विम्याचे उपचार मुलीला मिळतातच, आणि पूर्णपणे पालकांवर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला वयाची अट आड येत नाही. कारखान्यात तिचं नाव कुटुंबाच्या यादीत चढवलेलं नसतं, अडतं ते तिथेच.

दुसरं, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. नुसतं कर्णबधिर असलेल्या मुलाला मिळत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीचे २५० रुपये, इतरांना ५००. यातून ओपीडी आणि थेरपीचा खर्चही मिळतो, पण प्रत्येकाला मर्यादा आहे आणि पैसे आधी स्वतः भरावे लागतात. त्यामुळे प्रत्येक पावती अस्सल ठेवा. तिच्यावर मुलीचं नाव कार्डावर आहे तसंच आणि थेरपिस्टचा शिक्का हवा. पॉलिसी ३१ मार्चला संपते, नूतनीकरण त्याआधी करा.

तिसरं, संजय गांधी निराधार अनुदान. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. अर्ज सेतू केंद्रातून तहसीलमध्ये जातो. मंजुरीनंतरही पैसे येत नसतील तर बँकेत जा आणि ‘आधार एनपीसीआयला जोडलंय का’ असंच विचारा, म्हणजे आधारवरून अनुदान खात्यात येण्याची जोडणी झाली आहे का ते कळेल. नुसतं केवायसी झालेलं असून भागत नाही. याशिवाय महापालिका, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तुमच्या ग्रामपंचायतीला लेखी विचारा आणि ग्रामसभेत तो विषय घ्यायला लावा.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला सिकंदराबादच्या संस्थेत दाखवायचं आहे. रेल्वेत सवलत आहे का? – जुळे सोलापूर

आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत मुलाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. पण यूडीआयडी दाखवून ती मिळत नाही. रेल्वेचा स्वतःचा नमुना सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो, मग रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र मिळतं. अर्ज रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर करा. विभागीय रेल्वे कार्यालय सोलापुरातच असल्याने अडलं तर समक्ष जाता येतं. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था, एनआयईपीआयडी, बौद्धिक अपंगत्वासाठीच आहे, आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकरांना तिथे भाषेचीही अडचण येत नाही.

मुलगी पुढच्या वर्षी १८ ची होईल. तिच्या बँक खात्याचं काय? – पंढरपूर

१८ पर्यंत आई-वडील नैसर्गिक पालक असतात, त्यानंतर कायद्याने नसतात, म्हणून खात्याचा प्रश्न हा मुळात पालकत्वाचा प्रश्न आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा; त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. १८ पूर्ण झाल्यावर लगेच अर्ज देता यावा म्हणून दाखला, आधार, दोघांची ओळखपत्रं आणि फोटो आताच तयार ठेवा. आई आणि वडील दोघांचीही नावं पालक म्हणून घाला, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला नव्याने फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. आणि यूडीआयडीचं नूतनीकरणही त्याच वेळी करून घ्या, कारण बौद्धिक अपंगत्वाचा कायमचा दाखला १८ नंतरच्या तपासणीतच मिळतो.