'घोस्ट'मधला एच कुठून आला?

प्रश्न असा आहे: इंग्रज माणूस भुताला 'गोस्ट' म्हणतो, आपण 'घोस्ट' म्हणतो. स्पेलिंगमध्ये जीनंतर धडधडीत एच असताना त्याचा उच्चार का होत नाही?

कारण तो एच मुळात त्या शब्दाचा नाहीच. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'गास्ट' असा होता आणि त्याचा अर्थ आत्मा; जर्मन 'गाइस्ट' हा त्याचाच भाऊबंद. पुढे 'गास्ट'चा 'गोस्ट' झाला, तरी एचचा पत्ता नव्हता. तो शिरला छापखान्यातून.

इंग्लंडात छपाई आणणारा विल्यम कॅक्स्टन हा तिथल्या केंटचा, पण व्यापाराच्या निमित्तानं तीसेक वर्षं फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) आणि आसपासच्या मुलखात राहिलेला. ट्रॉयच्या कथा त्यानं फ्रेंचमधून इंग्रजीत आणल्या. प्रती मागणारे अनेक. लिहून लिहून हात थकला, पांढऱ्या कागदाकडे पाहून डोळे मंदावले, म्हणून आपण छपाई शिकलो, असं तो त्या पुस्तकाच्या शेवटी सांगतो. मला हा मजकूर फार जवळचा वाटतो. १४७३-७४च्या सुमारास छापलेलं हे इंग्रजीतलं पहिलं पुस्तक, आणि तेही इंग्लंडात नव्हे, फ्लँडर्समध्ये निघालं! वेस्टमिन्स्टरला त्याचा छापखाना आला तो १४७६ मध्ये.

इंग्रजी स्पेलिंग तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. फ्लँडर्सच्या फ्लेमिश भाषेत याच शब्दाच्या भावंडात जीपुढे एच लिहीत. तिकडची सवय लागलेल्या हातांनी खिळे जुळवताना 'गोस्ट'मध्येही एच लावला. कॅक्स्टनच्या पुस्तकांत 'गूस' (हंस), 'गोट' (बकरी) हे शब्दही असे एच लावलेले सापडतात. त्यांचा एच गळला, भुताचा मात्र राहिला आणि १६व्या शतकाच्या अखेरीस कायमचा झाला.

मग आपण 'घ' का म्हणतो? कारण रोमन लिपीत आपला घ लिहायचा तर जी-एच हीच जोडी आपल्याला ठाऊक: घाट, घाटकोपर, घोरपडे. त्याच सवयीनं आपण 'घोस्ट' वाचतो. इंग्रजी बोलताना 'गोस्ट' म्हणावं. मराठी वाक्यात 'घोस्ट' आला तर मला तो मुळीच खटकत नाही. इंग्रजीत गेलेल्या 'घाट'मधला एच तर खराखुरा आपल्या घचाच आहे, आणि इंग्रज तोही गाळून 'गाट' म्हणतो.