घरचे म्हणतात ‘अंथरूण पाहून पाय पसर’. मोठं काही करायला निघताना स्वतःवर एवढा भरवसा ठेवणं खरंच कामाला येतं का?

येतं. आमच्या तालमीतल्या पोरांनी हेच विचारलं की मी खाशाबा जाधवांचं सांगतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा अंगात सगळी लाल मातीतली कुस्ती. मॅटची सवय नाही. तरी फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. तेवढ्यावर हारतुरे घेऊन थांबता आलं असतं. खाशाबांनी वरच्या वजनगटाची तयारी धरली.

1952 च्या ऑलिंपिक संघात आधी त्यांचं नाव नव्हतं. निवडीत अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. ते गाऱ्हाणं त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षांपर्यंत नेलं. मागणी एवढीच, की मला पुन्हा लढू द्या. कुस्ती लागली आणि ते जिंकले. मला त्यांच्या पदकाइतकीच ही मागणी मोठी वाटते, कारण हरले असते तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग हेलसिंकीला जायला पैसे कुठले? लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. गुरुजींचं घर आपल्यापायी गहाण पडलंय हे माहीत असताना ‘मी जातो’ म्हणायला काय छाती लागली असेल! तिथं बँटमवेट गटात कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं यायला 1996 उजाडलं, ते लिअँडर पेसचं.

आता तुमचं. घरच्यांवर रागावू नका, अंथरूण तोकडं पडलं तर थंडी त्यांनाही सोसावी लागते. पण नुसतं ‘जमेल मला’ म्हणूनही भागणार नाही. जिथं तुमचा खरा कस लागेल अशी पहिली परीक्षा किंवा स्पर्धा शोधा, नाव घाला आणि तारीख घरी सांगून टाका. चांगली पोरं या पायरीच्या आधीच माघार घेताना मी बघतो, आणि जीव तुटतो.

तुमचं क्षेत्र कुठलं ते लिहिलेलं नाही. कळवलंत तर पहिली कुस्ती कुणाशी धरायची ते मिळून बघू.